नेदरलँड्सला बाळ घेऊन फिरताना: एका दिवशी एकच शहर

अगं, तुझी यादी वाचली. एप्रिलच्या शेवटी 3 आठवडे नणंदेकडे अ‍ॅम्स्टलवीनला, सोबत 9 महिन्यांचं बाळ, आणि पहिल्या 5 दिवसांतच अ‍ॅमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग, डेल्फ्ट, उट्रेख्त, क्यूकेनहॉफची ट्युलिप बाग आणि गीथॉर्न गाव! मी इथे 12 वर्षं राहते, दर उन्हाळ्यात पुण्याहून कोणी ना कोणी लेकरू घेऊन आमच्याकडे येतंच, म्हणून स्पष्ट सांगते, एका दिवशी एक शहर आणि तिथे एकच मोठी गोष्ट, बाकी मिळेल ते. देश छोटा आहे, रोज रात्री घरच्या वरणभाताला परत येता येतं, तेव्हा घाई कशाला? गीथॉर्न आधी काढ, ट्रेन आणि पुढे बस, जाण्यायेण्यातच दिवस संपतो.

पहिले 3-4 दिवस बाळ पहाटे साडेतीन-चारला टक्क जागं होणार, कारण तेव्हा भारतात सात-साडेसात वाजलेले असतात. त्याच्याशी भांडू नकोस. घरी सगळं निवांत आवरून ऑफिसची गर्दी ओसरली की सव्वानऊनंतर निघ आणि चारच्या आत परतीच्या ट्रेनमध्ये बस. संध्याकाळी नऊपर्यंत लख्ख उजेड असतो, बाळाला रात्र झालीय हे कळतच नाही, नणंदेला बाळाच्या खोलीला जाड पडदे लावायला आत्ताच सांग. आणि जिन्याला लावायचं छोटं फाटक पण मागवायला सांग. इथल्या घरांचे जिने अरुंद आणि शिडीसारखे उभे असतात, माझ्या बहिणीचं रांगतं बाळ आमच्याकडे पहिल्याच दिवशी तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलं होतं, माझ्या हातातला चहा तसाच खाली ठेवून मी धावले. तो दिवस मी विसरत नाही.

ट्रेनचं सोपं आहे. 4 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, बाबागाडीचे पैसे नाहीत, मोठ्यांनी टॅप करून पैसे देता येणारं बँकेचं कार्ड स्टेशनवर आत जाताना आणि बाहेर पडताना टेकवायचं, फक्त तू आणि नवरा दोघांची कार्डं वेगळी हवीत आणि ज्या कार्डाने आत गेलात त्यानेच बाहेर पडायचं. डबल डेकर इंटरसिटीत आत पायऱ्या असतात, बाबागाडी घेऊन उभं राहावं लागतं. नवी स्प्रिंटर जास्त ठिकाणी थांबते पण बाबागाडी दारातून सरळ आत जाते, मी तर बाळ असलं की तीच पकडते.

सुरुवात डेल्फ्टपासून कर, शक्यतो गुरुवारी, तेव्हा चौकात आठवड्याचा बाजार असतो. स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं. बहिणीचं बाळ तिथल्या दगडी रस्त्यावर चाकं खडखडायला लागली तसं दोन मिनिटांत झोपलं, मग आम्ही कालव्याकाठच्या बाकावर तास-दीड तास बसून गरम स्ट्रोपवाफल, म्हणजे मध्ये पाक भरलेलं पातळ बिस्किट, खाल्लं, बोटांना पाक चिकटलेला, समोर पाण्यात बदकाची पिल्लं, आणि बहीण म्हणाली की बाळ झाल्यापासून इतकी शांत मी बसलेच नव्हते. चौकातल्या नव्या चर्चच्या मनोऱ्याच्या 376 पायऱ्या आहेत, एकाने चढायचं, दुसऱ्याने बाळाजवळ थांबायचं.

बाबागाडीला सगळ्यात सोपं शहर रॉटरडॅम. मे 1940 च्या बॉम्बहल्ल्यात शहराचा मधला भाग पार जळून गेला, नंतर नव्याने बांधला, म्हणून रस्ते रुंद आणि फुटपाथ सपाट. मार्केट हॉल आणि पिवळी क्यूब घरं समोरासमोरच आहेत. हवा चांगली असेल तर तिथून पाण्यातल्या बसने, म्हणजे प्रवासी बोटीने, किंडरडाइकला जा, 19 पवनचक्क्या ओळीने, सपाट वाट, पण वारा भयंकर, कानटोपी आणि गाडीचं प्लास्टिक कव्हर हवंच.

अ‍ॅमस्टरडॅम तुमच्या दाराशीच आहे, ट्रॅमने जा, ते दोन-तीन तुकड्यांत कर. राइक्सम्युझियममध्ये 18 वर्षांखालच्यांना तिकीट नाही आणि लिफ्ट आहेत. अ‍ॅन फ्रँकच्या घरात मात्र बाबागाडी आत नेता येत नाही, जिने फार उभे, तिथे दोघांनी वेगवेगळं जाणं बरं, तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी 6 आठवड्यांनंतरची निघतात, आत्तापासून लक्ष ठेव. सेंट्रल स्टेशनच्या मागून पलीकडे जाणारी फेरी फुकट आहे, बाळाला तीच आवडेल बघ. क्यूकेनहॉफ मेच्या मध्यापर्यंतच उघडं असतं, ते पहिल्या आठवड्यातच उरक, आणि शनिवार-रविवार नको.

खाण्याचं: नाचणी सत्त्व, मुगाची डाळ भाजून केलेली भरड घेऊन ये, पण तूप आणू नकोस, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. इथे बिनमिठाचं लोणी मिळतं, नणंद घरीच कढवेल. डायपर आणि बाळाच्या खाण्याच्या बाटल्या कुठल्याही सुपरमार्केटात. नळाचं पाणी थेट पितात, बाळासाठी मी तरी उकळूनच घेते.

आणि 27 एप्रिलला राजाचा दिवस, म्हणजे इथल्या राजाच्या वाढदिवसाचा सण असतो, त्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅमला बाळ घेऊन अजिबात जाऊ नकोस, ट्रॅमही नीट चालत नाहीत. त्याऐवजी सकाळी नणंदेच्या गल्लीतच फेरी मारा, मुलं फुटपाथवर चादर अंथरून आपली जुनी खेळणी युरो-दोन युरोला विकत असतात. आमच्याकडचा लाकडी हत्ती तिथूनच घेतलाय, बहिणीच्या लेकाने त्याचे दोन्ही कान चावून ठेवलेत.