एकाच ट्रेनवर कॉलेज आणि स्टेडियम: न्यूयॉर्कमध्ये पैसा नेमका कुठे अडतो

तुमचा प्रश्न असा आहे: मुलीला न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीय, आणि तुमच्या वाचनात आलं की राज्याने बफेलो शहरातल्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमला 600 मिलियन डॉलर दिले, तर हा पैसा कॉलेजांच्या तोंडचा काढून दिलाय का, आणि आता तिची फी वाढणार का.

मी ह्याच युनिव्हर्सिटीत अकरा वर्षं संध्याकाळच्या बॅचला गणित शिकवलं, ॲडजंक्ट म्हणून, म्हणजे आपल्याकडे सीएचबीवर शिकवतात ना तसंच, तासांवर. वर्गात दिवसभर ड्यूटी करून आलेल्या नर्सिंग असिस्टंट असायच्या, डिलिव्हरी करणारी पोरं असायची, एक आजी होत्या ज्या नातवाच्या वयाच्या मुलांशेजारी बसून अल्जेब्रा शिकल्या आणि पास झाल्या. त्यामुळे ह्या विषयावर मला थोडक्यात लिहिता येत नाही, सांभाळून घ्या.

आधी इथला नकाशा डोळ्यासमोर आणा. शहराच्या ब्राँक्स भागात चार नंबरच्या ट्रेनने वर जाताना 149 स्ट्रीट ग्रँड कॉन्कोर्स स्टेशन लागतं, तिथे होस्टोस कम्युनिटी कॉलेज आहे, म्हणजे दोन वर्षांचे कोर्स असलेलं, सिटी युनिव्हर्सिटीचंच. पुढचंच स्टेशन 161 स्ट्रीट, बेसबॉलचं यँकी स्टेडियम. मॅचच्या दिवशी त्या डब्यात जर्सी घातलेली मंडळी आणि पाठीवर सॅक घेतलेली कॉलेजची मुलं खांद्याला खांदा लावून उभी असतात. एका स्टेशनचं अंतर आहे, पण पैशाच्या बाबतीत दोघांची गोष्ट फार वेगळी आहे आणि ती 1976 पासून बघितली तरच कळते.

ही युनिव्हर्सिटी सुरू झाली 1847 मध्ये, शहरातल्या लोकांनी मतदान करून फ्री अकॅडमी काढायला होकार दिला तेव्हा. तिथपासून 1976 पर्यंत, म्हणजे जवळपास 129 वर्षं, दिवसाच्या रेग्युलर विद्यार्थ्यांना इथे ट्यूशन फी नव्हती. पोलिओची लस काढणारे जोनास साल्क इथलेच, कॉलिन पॉवेलही इथलेच, दोघंही गरीब इमिग्रंट घरातली मुलं. 1970 मध्ये ओपन ॲडमिशन आलं, शहरातल्या हायस्कूलमधून पास झालेल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा, आणि पहिल्यांदाच कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन मुलं मोठ्या संख्येने आत आली. आणि बरोबर सहा वर्षांनी फी लागली. हा योगायोग म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही.

1975 मध्ये शहराचं दिवाळं निघायची वेळ आली होती, बँकांनी शहराचे बाँड घेणं बंद केलं, प्रेसिडेंट फोर्ड आधी मदतीला नाही म्हणाले, शहराच्या खर्चावर राज्याचं कंट्रोल बोर्ड बसलं. त्या बोर्डाच्या आणि वॉशिंग्टनच्या नजरेत फुकट कॉलेज ही पहिली चैन ठरली. मे 1976 च्या शेवटी तर पगाराला पैसे नाहीत म्हणून अख्खी युनिव्हर्सिटी दोनेक आठवडे बंद होती, परीक्षेच्या तोंडावर. त्यानंतर फी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत हजारो विद्यार्थी गळाले. होस्टोस तर बंदच करायचं घाटत होतं. एका जुन्या टायर फॅक्टरीत सुरू झालेलं, स्पॅनिश बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेतून शिकवायला सुरुवात करणारं ते कॉलेज, विद्यार्थी आणि शिक्षक बिल्डिंगमध्ये ठाण मांडून बसले म्हणून वाचलं.

आता एक स्टेशन पुढे चला. जुनं यँकी स्टेडियम शहराने 1972 मध्ये ताब्यात घेतलं होतं. (त्याआधी ती इमारत टेक्सासच्या राइस युनिव्हर्सिटीच्या मालकीची होती, एका माजी विद्यार्थ्याने दान दिलेली. म्हणजे स्टेडियमच एका युनिव्हर्सिटीला पोसत होतं, असाही काळ होता.) मेयर लिंडसेंनी नूतनीकरणाला 24 मिलियन डॉलर लागतील असं सांगितलं होतं. खर्च 100 मिलियनच्या आसपास गेला, चौपट, आणि तो शहराने केला. नवंकोरं होऊन ते उघडलं 15 एप्रिल 1976 ला. तारखा शेजारी ठेवून बघा, एप्रिलमध्ये स्टेडियमचं उद्घाटन आणि मे अखेरीस कॉलेजांना टाळं.

म्हणून तुमच्यासारखाच प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला. मी आधी हेच म्हणायचे की बघा, कॉलेजचं काढून स्टेडियमला दिलं. नंतर बजेटची कागदपत्रं वाचायला लागले, युनियनच्या मीटिंगांना गेले, तेव्हा कळलं की इतकं सरळ नाहीये. स्टेडियमचा पैसा बहुतेक वेळा कॅपिटलमधून, म्हणजे बांधकामाच्या वेगळ्या बजेटमधून येतो, एकदाच, बाँड काढून, तर कॉलेजला लागतो दरवर्षीचा चालू खर्च, पगार, वीज, भाडं. स्टेडियम रद्द झालं म्हणून ते पैसे दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या पगारात जात नाहीत. हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं, नाहीतर समोरचा माणूस एका वाक्यात आपल्याला गप्प करतो.

पण खरी मेख इथेच आहे. स्टेडियमला पैसा देताना सरकार कागदावर बांधून घेतं, तीस-तीस चाळीस-चाळीस वर्षांसाठी, आणि कॉलेजला दरवर्षी दारात उभं करतं. मंदी आली, मेयर बदलला, तरी स्टेडियमचा करार हलत नाही. कॉलेजचा आकडा मात्र पहिल्यांदा हलतो, कारण त्याला कुणी बांधलेलंच नसतं.

बफेलोचंच बघा. 2022 मध्ये गव्हर्नर होकल यांनी जाहीर केलं तेव्हा स्टेडियमचा अंदाज 1.4 बिलियन होता, त्यात राज्याचे 600 मिलियन, ईरी काउंटीचे (तिथल्या जिल्ह्याचे) 250 मिलियन, बाकी टीम आणि लीग, आणि खर्च वाढला तर तो टीमने सोसायचा. खर्च वाढला आणि टीमनेच सोसला, ते कलम चांगलं होतं हे मी मोकळेपणाने म्हणेन. आणखी एक गोष्ट, जी आमच्या बाजूचे लोक सांगत नाहीत: त्याच बजेटमध्ये सिटी युनिव्हर्सिटीलाही पैसे वाढले होते. गरीब मुलांना राज्याकडून टॅप नावाची मदत मिळते, ती ट्यूशनपेक्षा कमी पडायची आणि मधला फरक कॉलेजांनी स्वतःच्या खिशातून भरायचा असा नियम होता, तो फरक राज्याने त्या वर्षी उचलला. मोठी गोष्ट होती ती.

पण कराराचा कागद बघा. स्टेडियमच्या तीस वर्षांच्या लीजमध्ये देखभाल-दुरुस्तीसाठी राज्याने दरवर्षी काय द्यायचं तेही लिहिलेलं आहे. म्हणजे 2050 साली तिथल्या दुरुस्तीची सोय आजच झालीय. आणि कॉलेजांसाठी? 2015 मध्ये दोन्ही सभागृहांनी जवळपास एकमताने एक बिल पास केलं होतं, की पगारवाढ, भाडं, वीज असा जो खर्च आपोआप वाढतो तेवढा तरी राज्याने दरवर्षी उचलावा. नवीन काही मागितलं नव्हतं, फक्त महागाईपुरतं. गव्हर्नर कुओमोंनी डिसेंबरमध्ये त्याच्यावर व्हेटो मारला. त्याआधी 2011 पासून पाच वर्षं फी दरवर्षी 300 डॉलरने वाढवायची मुभा मात्र कायद्यानेच दिली होती. म्हणजे विद्यार्थ्याने काय भरायचं ते पाच वर्षं आधी ठरलेलं, आणि सरकारने काय द्यायचं ते मार्च उजाडला की बघू. मला ह्याचा खरंच राग येतो, अजूनही.

2009 च्या नवीन यँकी स्टेडियमची गोष्टही सांगायलाच हवी, कारण लोक म्हणतात ते टीमने स्वतःच्या पैशाने बांधलं. कर्ज टीमच फेडतेय हे खरं, पण कसं ते बघा. शहराच्या एजन्सीमार्फत 2006 मध्ये 942 मिलियनचे आणि 2009 मध्ये आणखी 259 मिलियनचे करमुक्त बाँड निघाले. टीम प्रॉपर्टी टॅक्स भरत नाही, त्याऐवजी एक रक्कम भरते आणि ती रक्कम शहराच्या तिजोरीत न येता त्याच बाँडचा हप्ता फेडायला जाते. तुम्ही घराचा प्रॉपर्टी टॅक्स महापालिकेला न भरता तुमच्याच होम लोनला लावलात तर कसं होईल, तसं. वर बाँडचं व्याज करमुक्त, म्हणजे केंद्राचा इन्कम टॅक्सही बुडाला. ब्रुकिंग्ज ह्या संशोधन संस्थेने 2016 मध्ये हिशोब मांडला होता, 2000 नंतर बांधलेल्या 36 स्टेडियमांमुळे केंद्राचे 3.2 बिलियन गेले, आणि त्यात सगळ्यात वर यँकी स्टेडियम, 431 मिलियन. ह्या स्टेडियमसाठी शेजारचं मॅकोम्ब्स डॅम पार्क गेलं, पोरांना बदली मैदान मिळायला 2012 उजाडलं. पार्किंगसाठी वेगळे सुमारे 237 मिलियनचे करमुक्त बाँड काढले, आणि लोक येतात ट्रेनने, त्यामुळे गॅरेज रिकामी आणि बाँड डिफॉल्टमध्ये, म्हणजे हप्ते थकले.

ह्यातली टॅक्सची एकही सवलत बजेटमध्ये "खर्च" म्हणून दिसत नाही. न आलेला टॅक्स कुठल्याच रकान्यात नसतो. कॉलेजचा मात्र प्रत्येक डॉलर रकान्यात असतो, म्हणून कात्री लावायची झाली की तोच डोळ्यावर येतो. आत्ता क्वीन्समध्ये सिटी कौन्सिलने 2024 मध्ये मंजूर केलेलं सॉकर स्टेडियम घ्या, बांधकामाचे 780 मिलियन पूर्ण प्रायव्हेट आहेत आणि ते चांगलंच आहे, पण जमीन शहराची आणि प्रॉपर्टी टॅक्स माफ. शहराच्याच स्वतंत्र बजेट ऑफिसने 49 वर्षांत ह्या माफीची किंमत 516 मिलियन काढली होती. आणि त्याच काळात, नोव्हेंबर 2023 मध्ये, शहराने जी कपात केली त्यात सिटी युनिव्हर्सिटीही होती. आपल्याकडेही वेगळं नाही, मुंबईत आयपीएलच्या मॅचना लागणाऱ्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क राज्य सरकारने 2023 मध्ये कमी केलं, तेही 2011 पासून मागे जाऊन, आणि ते प्रकरण हायकोर्टात गेलं तेव्हा कुठे लोकांना कळलं.

नोकऱ्यांचं काय, हे विचारणारे असतातच. ह्या एका बाबतीत अर्थशास्त्रज्ञांचं जेवढं एकमत आहे तेवढं क्वचित कशावर असतं: स्टेडियममुळे शहराची कमाई वाढत नाही. माणूस मॅचला गेला तर त्या आठवड्यात बाहेर जेवायला किंवा सिनेमाला जात नाही, पैसा तोच, गल्ला बदलतो. फुटबॉलच्या टीमच्या तर सीझनला घरच्या मॅच आठ-नऊ, बाकी वर्ष कुलूप. कॉलेज सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत चालू असतं, आणि तिथून शिकलेली नर्स, अकाउंटंट, शाळेतली टीचर बहुतेक ह्याच शहरात राहते, इथेच टॅक्स भरते. तरी बफेलोच्या लोकांचं प्रेम मला समजतं. हिवाळ्यात बर्फात उघड्या स्टेडियममध्ये बसणारं ते शहर आहे, कारखाने गेले, माणसं गेली, टीमही गेली तर काय उरलं असं त्यांना वाटलं तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. टीम हवी तर ठेवा, पण मग जे तीस वर्षांचं लिखित वचन टीमला देता येतं ते कॉलेजला का देता येत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि अकरा वर्षांत कुठल्याही नेत्याकडून मला त्याचं उत्तर मिळालेलं नाही.

आता तुमच्या मुलीचं. चार वर्षांच्या कॉलेजात राज्यातल्या रहिवाशांना वर्षाची ट्यूशन 2019 पासून बरीच वर्षं 6,930 डॉलरवर ठेवलेली होती, ॲडमिशन लेटरमधला ह्या वर्षीचा आकडा मात्र एकदा नीट बघून घ्या. बफेलोच्या स्टेडियममुळे तिची फी वाढणार नाही. ती वाढेल की नाही हे ठरतं राज्याचं बजेट होतं तेव्हा, त्याचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. ती कम्युनिटी कॉलेजात असेल तर शहराचं बजेटही बघा, त्याचं वर्ष 1 जुलैपासून, कारण चार वर्षांच्या कॉलेजांचा भार राज्यावर आहे आणि कम्युनिटी कॉलेजांचा मोठा वाटा शहरावर. तुम्ही न्यूयॉर्कचे रहिवासी म्हणून बारा महिने पूर्ण केले असतील तर फाफ्सा (केंद्राच्या मदतीचा फॉर्म) भरून लगेच टॅपचा फॉर्म भरायला लावा, आपली बरीच मंडळी "आपल्याला कुठे मिळणार" म्हणून भरतच नाहीत.

आणि तिला एक सांगा. वसंतात सिटी कौन्सिलच्या हायर एज्युकेशन कमिटीची बजेटवर जाहीर सुनावणी असते, नाव नोंदवलं की कुणालाही दोन-तीन मिनिटं बोलता येतं. माझ्या वर्गातल्या त्या आजी एका वर्षी गेल्या होत्या, इंग्लिश अडखळत होतं तरी बोलल्या. तारीख लागली की मी इथे टाकेन, तिला यायचं असेल तर मी बरोबर जाईन.