सोलकढी, संध्याकाळचा चहा आणि जायफळ

प्रश्न : वय ४८. यजमान दुकान बंद करून येईपर्यंत साडेनऊ होतात. मग माशाची आमटी, भात, वर वाटीभर सोलकढी, आणि साडेदहाला पाठ टेकते. दोनच्या सुमारास घशाशी आंबट येऊन जाग येते. सोलकढी बंद करू का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : सोलकढीवर एवढा राग नको. ती दुपारच्या ताटात घ्या. खरी अडचण जेवण आणि अंथरूण यांत तासाचंच अंतर आहे, ही आहे. वाटपातलं खोबरं आणि नारळाचं दूध स्निग्ध असल्यामुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल अन्ननलिकेत चढतं. तिथे आधीच जळजळ असेल, तर आमसुलाचा आंबटपणा आणि मिरची आणखी झोंबते.

झोपेच्या तीन तास आधी जेवण उरकायला हवं, म्हणजे तुमच्या घरात साडेसातला. यजमानांसाठी थांबायची सवय मोडवत नसेल, तर मुख्य जेवण तेव्हाच करा आणि ते आल्यावर सोबतीला वाटीभर उकड्या तांदळाची पेज घ्या. डाव्या कुशीवर झोपा. त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. खाटेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली सहा इंचांचे भक्कम ठोकळे द्या. उशीवर उशी रचू नका, त्याने मान वाकते, पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर ढकललं जातं.

घास अडकणं, काळी शौचास होणं किंवा वजन उतरणं यांपैकी काहीही असेल, तर हे प्रयोग करत न बसता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय ६३, निवृत्त. सहाला एक आणि साडेआठला एक चहा. झोप बाराशिवाय नाही, शिवाय रात्री दोनदा लघवीला उठतो.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : चहातलं कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्तच. सहाच्या चहातलं निम्मं अकरालाही अंगात असतं, त्यात साडेआठच्या कपाची भर. शेवटचा चहा दुपारी दोनला. एकदम तोडलात तर डोकं दुखेल, म्हणून दर तीन दिवसांनी अर्धा कप कमी करा. हातात गरम कप हवाच असेल तर गवती चहाची पात उकळा. तिच्यात कॅफीन नसतं; मात्र सवयीने चिमूटभर चहापूड टाकलीत, तर सगळं मुसळ केरात.

पाणी दिवसा भरपूर प्या, सातनंतर घोट-घोट. सुकट आणि खारा बांगडा रात्री नको. मीठ जास्त गेलं की तहान लागते आणि रात्री लघवीही वाढते. तरी उठावं लागलं, तर साखर आणि प्रोस्टेट तपासून घ्या. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे का, हेही डॉक्टरांना विचारा, पण वेळ स्वतःहून बदलू नका.

प्रश्न : दारातच जायफळाचं झाड आहे. झोपेसाठी दुधातून किती घ्यावं?
— एक वाचक, दापोली

उत्तर : चवीपुरती चिमूट, म्हणजे सहाणेवर तीन-चार वळसे. झोप येत नाही म्हणून चमचाभर पूड घेणाऱ्यांना छातीत धडधड, कोरडं तोंड, मळमळ आणि भ्रम होतो. तो परिणाम काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे ‘काही झालं नाही’ म्हणून लोक दुसरा चमचा घेतात. गरोदरपणी चिमटीहून जास्त अजिबात नको.