चढ नको, उतार मोज

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

आपल्या शेल्टरमध्ये आलेल्या भुऱ्या कुत्र्याचा तू भरलेला कागद वाचला. "खूप हायपर. अंगावर उड्या मारतो. दोरी चावतो. घरात देण्यासारखा नाही?" शेवटचं ते प्रश्नचिन्ह पाहून लिहायला बसले. पूर्णविराम द्यायला तुझा हात धजला नाही, हे बरं झालं. नाहीतर दीड वर्षाच्या धडधाकट जनावराचा निकाल एका विशेषणावर लागला असता. 'हायपर' म्हणजे काय गं? किती सेकंद? कशामुळे? कुठे उभा असताना?

तो उत्तेजनाने किती चढतो हे सफाईवाल्या भाईंपासून देणगी द्यायला आलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना दिसतं. तो शांत होऊन किती वेळात उतरतो हे मोजायला आपण आहोत. चढ नको, उतार मोज. या पत्रात हे पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नकोस.

आधी तारीख बघ. भुऱ्या सोमवारी आला आणि तू बुधवारी कागद भरलास. का? अनोळखी जागा, चहूबाजूंनी भुंकणं, फिनेलचा वास, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहिले काही दिवस अंगात ताणाची संप्रेरकं चढलेलीच असतात. एरवी मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. शेल्टरमध्ये सलग झोप मिळणंच मुश्कील. लग्नघरात झोप न झालेलं पोर संध्याकाळी कसं वागतं, ते आठव. म्हणून पहिले तीन दिवस फक्त चार नोंदी: खाल्लं किती, पाणी किती प्यायला, शी कशी झाली, कुशीवर पडून झोपला का. तपासणी चौथ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी. एकदाच पाहून लिहिलेला कागद मी मानत नाही. पण फार लांबवूही नकोस. असा कुत्रा महिनोन्‌महिने कोंडलेला राहिला की गोलगोल फिरणं, भिंतीवर उसळणं ही सवयच होऊन बसते, आणि पिंजऱ्याचा दोष त्याच्या नावावर चढतो.

डॉक्टरांचा हात फिरल्याशिवाय काही सुरू करू नकोस. कानात पू, अंगाला खरूज, पंजात रुतलेली गोचीड, नसबंदीचे ताजे टाके, यातलं काहीही असेल तर तू मोजशील ते दुखणं. आणि "नसबंदी झाली की शांत होईल" असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नकोस. अंगातली ऊर्जा त्याने जात नाही.

आता सामान. तीन मीटरची साधी दोरी. आपोआप गुंडाळणारी नको, तिचा ताण सतत अंगावर राहतो. छातीवर इंग्रजी वायच्या आकाराचा हार्नेस, आणि जोडीला गळपट्टा, म्हणजे एकातून निसटला तरी दुसऱ्यात राहील. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे पन्नास तुकडे. जाड सुती दोरखंडाचं खेळणं. फोनवर स्टॉपवॉच. वेळ सकाळी साडेसहाची. बडोद्याच्या मे महिन्यात नऊ वाजता अंगणाची लादी तापते. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही टेकवायचे नाहीत. शिवाय उन्हातली धाप आणि उत्तेजनाची धाप वरवर सारखीच दिसते. जीभ टोकाला रुंद होऊन बाहेर लोंबत असेल तर तो तापलेला आहे, तपासणी बंद, सावली आणि पाणी.

पिंजऱ्यासमोर दोन मिनिटं अंगाची बाजू त्याच्याकडे करून उभी राहा, डोळ्याला डोळा न भिडवता. भुंकेल, जाळीवर चढेल. लिही, पण त्यावरून काही ठरवू नकोस. मध्ये जाळी आली की कितीतरी कुत्रे चिडतात. जाळीच्या बाहेर तोच कुत्रा येऊन हात चाटतो. दार उघडायचं ते चारही पाय जमिनीवर आल्यावर. पहिल्यांदा मिनीट-दीड मिनीट लागलं तरी थांब. उडी मारली की दार पुन्हा लोटायचं, तोंडातून शब्द न काढता. इथेच तुझा पहिला आकडा मिळेल.

बाहेर आल्यावर पहिली दहा मिनिटं त्याची. हुंगू दे. 'सिट' नाही, हाक नाही, ओढाओढ नाही. एवढंच मोज, की पाच मिनिटांत स्वतःहून तुझ्याकडे किती वेळा वळून पाहतो. मग शब्द करून बघ, आणि इंग्रजीत अडकू नकोस. कधी घरात राहिलेला असेल तर 'बेस' किंवा 'आव' ऐकून कान टवकारेल, कारण त्याच्याशी गुजरातीतच कुणी बोललं असेल. दांडिया बाजारातल्या मराठी घरातला असला तर 'बस' आणि 'ये'. एका शब्दाला बूड टेकलं तर मागे घर होतं, एवढं कळतं.

आता मुख्य काम. दोरखंड काढ आणि एक मिनीट मनापासून खेळव. ओढू दे, गुरगुरू दे. खेळातली गुरगुर मोकळ्या अंगाची असते, मागचा भाग डोलत असतो. मिनीट झालं की थांब. खांबासारखी उभी राहा, दोरखंड पाठीमागे, हात गप्प. स्टॉपवॉच सुरू. तो उडी मारेल, बाही पकडायला बघेल, भुंकेल. तू फक्त बघत राहा. खाली आल्याची चिन्हं बारीक असतात. चारही पाय जमिनीवर. मग तोंड क्षणभर मिटतं. कानाची मुळं सैल पडतात. पाण्यातून बाहेर आल्यासारखं सबंध अंग झाडतो. मग नाक जमिनीला लावून काहीतरी हुंगतो. अंग झाडलं आणि नाक जमिनीला लागलं, की घड्याळ थांबव.

हे तीनदा कर, मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती. एक आकडा काही सांगत नाही, तीन आकड्यांचा कल सांगतो. ४०, २५, १५ सेकंद आले तर हा कुत्रा शिकतोय, उड्या कितीही उंच असोत. ४०, ७०, १३० आले तर उत्तेजन एकावर एक साचतंय. तिसरी फेरी पुरी करायच्या आधीच थांबव आणि चटईवर ने. माझा ठोकताळा असा: तिसऱ्या फेरीला अर्ध्या मिनिटात उतरणारा बहुतेक घरांत चालतो, मिनीट-दोन मिनिटं घेणारा शिकवायची तयारी असलेल्या घरात. तीन मिनिटांवर जाणारा आणि दर फेरीला वाढणारा, लहान मुलांच्या घरात आत्ता नको. 'आत्ता' हा शब्द कागदावर लिहायचा, गाळायचा नाही.

सोबत खाऊचं तोंड बघ. तुकडा ओठांनी घेतो, दातांनी घेतो, की बोटांसकट? शांत असताना ओठांनी आणि खेळानंतर बोटांसकट घेत असेल तर तो तापमापक समज. चिकन नाकासमोर धरूनही दिसत नसेल, तर तो इतका वर गेलाय की काही शिकवून उपयोग नाही. दोघांनी तिथून लांब जायचं.

दोरी चावण्याबद्दल तू घाबरून लिहिलंस. पुढे जायचंय आणि जाता येत नाही, म्हणून हाताशी आलेली वस्तू तो धरतो, ती दोरी. दुसरी एक दोरी खाली टाकून ती धरू दे आणि चालत राहा. मला उड्यांची भीती वाटत नाही. भीती वाटते ती अचानक दगड होणाऱ्या कुत्र्याची. तोंड मिटलेलं, अंग ताठ, श्वास अडकल्यासारखा, मान न वळवता डोळ्याचा कोपरा पांढरा करून तुझ्याकडे बघतोय. हे दिसलं की हात लांबवायचा नाही, अंगाची बाजू त्याच्याकडे करून मागे सरकायचं, आणि नेमकं काय केल्यावर झालं ते लिहायचं. दात लागला, नुसता ओरखडा असला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस. यात धीटपणा दाखवायचा नाही.

ताटात प्लॅस्टिकचा हात खुपसणं, तोंडासमोर फटकन छत्री उघडणं, डोळे वटारून बघणं, हे कुणी सांगितलं तरी करू नकोस. २०१६ साली गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली यांनी शेल्टरमधल्या अशा चाचण्यांचा हिशोब मांडला आणि त्यांचा भरवसा नाणं उडवण्यापलीकडे जात नाही, असं दाखवलं. चिडवून चिडलेला कुत्रा चिडका ठरत नाही. खाताना बघायचं असेल तर सहा फुटांवरून जाता जाता ताटाच्या दिशेने चिकन टाक. मान वर करून शेपूट हलवली, की घाईघाईने गिळत ताटावर वाकला, तेवढं लिही.

हात लावायचा तो तीन सेकंद, छातीच्या बाजूला, मग काढून घ्यायचा. पुन्हा अंग टेकवायला आला तर हवंय. जांभई दिली, ओठ चाटले, तोंड फिरवलं तर नकोय. दुसरा कुत्रा दाखवायचा तो समोरासमोर नाक भिडवून नव्हे. तीसेक फूट अंतर ठेवून दोघांना एकाच दिशेला चालव, अंतर हळूहळू कमी कर. दोरीवर असताना दुसऱ्या कुत्र्याकडे बघून आरडाओरडा करणारे कितीतरी कुत्रे फक्त भेटायला अधीर असतात. तिथेही तेच: दुसरा कुत्रा वळणाआड गेल्यावर हा किती सेकंदांत जमीन हुंगायला लागला?

मग शहर. स्कूटरचं चाक, कुकरची शिट्टी, गाय, मांजर. चाकामागे धावणाऱ्या कुत्र्याची नोंद ठळक कर, कारण सोसायटीच्या गेटावर त्यावरूनच भांडण होतं. फोनवर गरब्याचा ढोल आणि फटाके अगदी बारीक आवाजात लाव. नवरात्रीच्या नऊ रात्री आणि चौदा-पंधरा जानेवारीचा उत्तरायणाचा गोंगाट ज्याला झेलायचाय, तो दचकेलच. दचकू दे. किती वेळात चिकन घ्यायला परत येतो?

शेवटी चटई. आडोशाला अंथर, शेजारी पुस्तक घेऊन पंधरा मिनिटं बस. काही मागू नकोस. पुढे पाय काढून सिंहासारखा बसतो, की मागची कंबर एका बाजूला कलंडते? कंबर कलंडली की तो खरा विसावला. आणि रात्रीच्या चौकीदाराला विचार, बारा वाजता भुऱ्या काय करतो. आपल्या कागदांत त्याचं मत कधी घेतलं जात नाही, हा मोठा अन्याय आहे.

मीही विशेषणं लिहिली आहेत, पोरी. 'तापट', 'जड', 'एकट्यालाच ठेवा'. ती खोडायला नंतर कुणी येत नाही. कागद फायलीत जातो आणि कुत्रा मागच्या ओळीत. म्हणून आता हट्टाने सेकंद मागते. मी रेंगाळते, जागा अडवून ठेवते, असं बोललं जातं, तुझ्याही कानावर आलं असेल. जागा अडते हे खरंच आहे. पण घाईने दिलेला कुत्रा परत येऊन तीच जागा अडवतो, आणि आता त्याच्या कागदावर 'परत केला' हेही असतं. म्हणून मी थांबेन.

कागद असा लिही: "तीन फेऱ्या, ४०, २५, १५ से. खाऊ तिसऱ्या फेरीला ओठांनी. 'बेस' कळतं. सायकलमागे दोनदा ओढ, दहा फुटांवर. चटईवर अकराव्या मिनिटाला कंबर टेकली." हे वाचून घर शोधता येतं. रोज दोन वेळा चाळीस मिनिटं हुंगत फिरवणारं, जेवण ताटात न देता गवतात विखरून शोधायला लावणारं घर असेल तर तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅटही चालतो. गच्चीवर बांधून 'राखणीला' हवा असेल तर बंगला असला तरी नाही म्हण. जमलं तर दोन रात्रींसाठी कुणाच्या घरी पाठव. २०१९ मध्ये अमेरिकेत केलेल्या अभ्यासात, अशा एक-दोन रात्री घरी राहिलेल्या शेल्टरच्या कुत्र्यांचं ताणाचं संप्रेरक त्या काळात उतरलेलं दिसलं. घरातली ती दुसरी सकाळ आपल्या अंगणातल्या दहा सकाळींपेक्षा जास्त सांगते.

चौथा दिवस हुकला, असू दे. उद्या सातवा. सव्वासहाला पोच, दोरीची कडी आधी तपास. जुन्या कड्यांची स्प्रिंग सैल झाली की त्या अर्धवट उघड्या राहतात. संध्याकाळी फोन कर आणि नुसते तीन आकडे सांग.

तुझी,
मावशी