ट्रंकेत सापडलेला शेअर

प्रश्न : ट्रंक आवरताना आजोबांच्या नावाचे 'टिस्को'चे १९९४ मधले २० शेअरचे सर्टिफिकेट सापडले. आजोबा हयात नाहीत. याची आता काही किंमत येईल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : येईल, आणि बऱ्यापैकी. टिस्को २००५ मध्ये टाटा स्टील झाली. २००४ मध्ये दोनास एक बोनस मिळाला, म्हणजे २० चे ३०. २०२२ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे एक रुपयाचे दहा झाले, म्हणजे ३००. अर्थात मधे विकले नसतील तर.

ते कळायला सर्टिफिकेट उलटे करा. मागच्या तक्त्यात तारीख, घेणाऱ्याचे नाव, त्याचा फोलिओ (कंपनीच्या दप्तरातला खाते क्रमांक) आणि कंपनीची सही असते. शेवटच्या ओळीतले नाव मालकाचे. तक्ता कोरा असेल तरच दर्शनी बाजूचे नाव धरायचे. टाचणीने ट्रान्सफर डीड (शेअर दुसऱ्याच्या नावे करण्याचा कागद) जोडलेले आणि मागे नोंद नाही, असे असेल तर व्यवहार अर्धवट राहिलेला आहे. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतर बंद असल्याने ते प्रकरण किचकट. वारसाचे नाव मात्र आजही लागते.

आता कंपनीच्या रजिस्ट्रारला (शेअरधारकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेला) फोलिओ नंबर कळवून शिल्लक विचारा. सलग सात वर्षे लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार निधीकडे जातात, आणि ट्रंकेतल्या शेअरचे बहुधा तेच झालेले असते. बुडत नाहीत. रजिस्ट्रारकडून आधी एंटायटलमेंट लेटर, म्हणजे शेअरवर तुमचा हक्क असल्याचे पत्र, घ्यायचे, मग आयईपीएफ-५ फॉर्म ऑनलाइन भरायचा. सरकारी फी नाही. टक्केवारी मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

वारसनोंदीला आयएसआर-५ फॉर्म, मृत्यूचा दाखला, तुमचा पॅन आणि डीमॅट खाते (शेअर कागदाविना ठेवायचे खाते) लागते, कारण नवे छापील सर्टिफिकेट मिळत नाही. नॉमिनी नसेल आणि त्या कंपनीतले शेअर पाच लाखांच्या आतले असतील, तर कोर्टाचा वारसा दाखला लागत नाही. सगळ्या वारसांची ना-हरकत, नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र आणि इंडेम्निटी बाँड (पुढे वाद झाल्यास भरपाईची हमी) चालतो.

फाइल अडते ती नावापाशी. सर्टिफिकेटवर 'डी. बी. पाटील', मृत्यूच्या दाखल्यावर 'दत्तू बापू', रेशनकार्डावर 'दत्तात्रय'. तिघे एकच, असे प्रतिज्ञापत्र पहिल्याच खेपेला जोडा, नाहीतर महिन्याभराने पाकीट परत येते.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांचा सहकारी साखर कारखान्याचा शेअर आहे. तोही डीमॅट होतो का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नाही. ते सभासदत्व आहे. शेअरबाजारात त्याला भाव नाही. कारखान्याच्या शेअर विभागात मूळ शेअर, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती घेऊन जा. वडिलांनी नॉमिनी लावला होता का, हे तिथल्या रजिस्टरात आधी पाहायला सांगा. सवलतीची साखर तुमच्या नावावर हवी असेल तर ही नोंद करावीच लागेल.