मोबाईल फक्त दर उतरले म्हणून पसरला का?

तुम्ही विचारलंय की 1995 ला भारतात आलेला मोबाईल कितीतरी वर्षं श्रीमंतांकडेच राहिला, मग एकाएकी सगळ्यांच्या खिशात कसा आला, आणि दर उतरले एवढंच कारण आहे का.

दर उतरले हे खरंच. सुरुवातीला मिनिटाला 16 रुपयांपर्यंत पडायचे, आलेल्या फोनचेही पैसे कापले जायचे. पण बार्शीत आमचा एसटीडी बूथ होता, पुढे त्याचंच रिचार्जचं दुकान झालं. तिथे बसून मला दिसलं ते असं की लोकांना दरापेक्षा बिलाची धास्ती जास्त होती. महिनाअखेरीला किती आकडा येईल ते माहीत नाही, अशी भानगड रोजंदारीवरचा माणूस मागे लावून घेत नाही.

मे 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि निम्मी धास्ती तिथेच गेली. उरलेली घालवली 10 रुपयांच्या रिचार्जने. स्क्रॅच कार्डाच्या जागी दुकानदाराच्या मोबाईलवरून थेट बॅलन्स टाकायची सोय आली आणि छोटी रक्कम परवडू लागली, गिऱ्हाईकालाही आणि आम्हालाही. संध्याकाळी हजेरी घेऊन गवंडी यायचे, वहीत स्वतःच्या हाताने नंबर लिहायचे आणि "आला मेसेज" म्हणेपर्यंत पायरी उतरायचे नाहीत.

पहिल्यांदा फोन घेतला तो याच लोकांनी: गवंडी, प्लंबर, रिक्षावाले. मुकादम एकदा मोबाईलवर माणसं बोलवायला लागला की ज्याच्याकडे फोन नाही त्याचा खाडा ठरलेला. मग उरलेल्यांना घ्यावाच लागला. बोलायला पैसे नसले तरी मिस्ड कॉल होताच. एक रिंग म्हणजे पोचलो, हे घराघरात ठरलेलं. बायकांच्या हातात मात्र फोन फार उशिरा आला, तोही बहुतेक घरातला जुना. याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

इंटरनेटचं 2016 मध्ये जिओने केलं ते याच धर्तीवर: सप्टेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंत फुकट, म्हणजे वापरून बघायला धोकाच नाही. अडचण फक्त फोर-जी हँडसेटची.

पुढे मात्र उलटं झालं. नुसता फोन घ्यायचा-करायचा असलेल्या म्हाताऱ्या माणसालाही सिम चालू ठेवायला डेटासकट पॅक मारावा लागत होता. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, फक्त कॉल-एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं, ते बरं झालं. तुमच्या घरी साधा फोन वापरणारं कुणी असेल तर दुकानात तोच पॅक मागा. मागितल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही.