थाई कंपनीबरोबर पहिलीच मीटिंग आहे, कसं वागावं?

पुण्याहून पहिल्यांदाच थाई सप्लायरकडे चाललाय आणि हात मिळवावा की नमस्कार करावा, आणखी काय सांभाळावं, असं तुम्ही विचारलंय. माझं काम सुट्या भागांच्या खरेदीचं, त्यामुळे थायलंडमधल्या चोनबुरी-रायोंगच्या कारखान्यांत जाणं-येणं असतं.

नमस्काराची चिंता सोडा. त्यांचा 'वाय' म्हणजे हात जोडून मान झुकवणं. वयानं किंवा हुद्द्यानं लहान असेल त्यानं आधी करायचा. त्यांनी केला की तुम्हीही करा. हॉटेलच्या दारातल्या माणसानं केला तर हसून मान लववली तरी पुरे. हाक मारताना आडनाव नको, मोठ्या साहेबांनाही पहिल्या नावाआधी 'खुन' लावूनच बोलतात. ऑफिसात टोपणनावंही सर्रास चालतात. त्यांनी सांगितलं तर तेच वापरा, पण 'खुन' लावून.

खरी गोची मीटिंगमध्ये होते. 'माल पंधरा तारखेला निघेल ना?' असं चारचौघांत विचारलं की हसून 'हो' येतं. त्याचा अर्थ 'तुमचं ऐकलं' एवढाच असू शकतो. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं आणि साहेबांसमोर अडचण सांगणं, दोन्ही त्यांना जड जातं. अशा वेळी इंजिनिअर उत्तर देण्याआधी वरिष्ठांकडे बघतो, नाहीतर 'चेक करतो' म्हणून वहीत काहीतरी लिहू लागतो. ते दिसलं की विषय तिथेच सोडा. जेवणाच्या सुट्टीत त्याला एकट्याला गाठा आणि हो-नाहीचा प्रश्न टाळा: 'डाय (भाग बनवायचा साचा) तयार व्हायला किती दिवस लागतील? त्याआधी काय काय उरलंय?' मग खरी तारीख कळते. कधी ती रात्री 'लाइन' या मेसेजिंग ॲपवरच्या मेसेजमधून येते. (तिथे व्हॉट्सॲपपेक्षा लाइन चालतं, निघण्याआधी डाउनलोड करून ठेवा.)

आणि कृपा करून आवाज चढवू नका. भाव करताना आपला आवाज नकळत वर जातो आणि आपल्याला त्याचं काही वाटतही नाही. तिथे सगळ्यांदेखत झापलेला माणूस भांडत नाही, हसतो. पण पुढे तुमच्या मेलला उत्तरं उशिरा येऊ लागतात. दर कमी करून हवा असेल तर आकडा कागदावर लिहून शांतपणे पुढे सरकवा आणि त्यांना आपसात बोलायला वेळ द्या.

जेवताना चमचा उजव्या हातात, काटा डाव्या. काट्यानं घास चमच्यात लोटायचा, काटा तोंडात घालायचा नाही. चॉपस्टिक्स साधारण नूडल्सपुरत्याच. पदार्थ मध्ये ठेवलेले असतात, एकेक चमचाच घ्या. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच कळवा, कारण भाजीतही फिश सॉस असतो. 'जे' (कडक शाकाहारासाठी थाई शब्द) म्हणालात तर मांस-मासे-अंडी नाहीतच, कांदा-लसूणही नाही.

पाय कुणाकडे, विशेषतः बुद्धमूर्तीकडे, रोखून बसू नका. कुणाच्या डोक्याला हात लावू नका, लहान मुलाच्याही. राजघराण्यावर गप्पा नकोतच: तिथल्या दंडसंहितेच्या कलम 112 खाली राजघराण्याच्या अपमानाच्या एका गुन्ह्याला 3 ते 15 वर्षांची कैद आहे. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 ला स्टेशनवर राष्ट्रगीत लागलं की सगळ्यांबरोबर उभे राहा.

13 ते 15 एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, असतं, त्या आठवड्यात मीटिंग ठरवू नका. त्यांच्या कागदांवर बौद्ध सन असू शकतो, आपल्यापेक्षा 543 नं पुढे. 2568 म्हणजे 2025. करारावर सही करण्याआधी तारखा ताडून घ्या.