वाचकांचे प्रश्न : ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी

प्रश्न : मुलासाठी म्हापशाहून एका कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप घेतला. प्रोसेसर इंटेल कोअर आय-फाइव्ह ६५००, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि कॅबिनेट अरुंद. ‘जीटीए फाइव्ह’ हा गेम त्यावर अडखळत चालतो. दुकानदार १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० कार्ड सुचवतो आणि त्याच्या वीजजोडणीसाठी हार्ड डिस्कच्या वायरवरून वीज घेणारा कन्व्हर्टर लावून देतो म्हणतो. कार्डाची मेमरी जितकी जास्त तितका गेम सुरळीत चालतो, हे खरे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : मेमरीचे आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात, त्यामुळे खरेदी करताना नजर तेथेच जाते. प्रत्यक्षात गेममधील दृश्यांचा तपशील कार्डाच्या मेमरीत मावला नाही, तरच तिची उणीव जाणवते. एका सेकंदात किती फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रे, तयार होणार हे मुख्यतः कार्डावरील चिपच्या ताकदीवर ठरते. ८ जीबीचे आरटीएक्स ३०७० हे १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० पेक्षा वेगवान आहे, यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आले.

आपल्या बाबतीत मात्र खरी अडचण विजेची आहे. आरटीएक्स ३०६० ला एकट्याला १७० वॅट लागतात आणि त्यासाठी निर्माती कंपनी ५५० वॅटच्या पॉवर सप्लायची शिफारस करते. अरुंद कार्यालयीन यंत्रांतील पॉवर सप्लाय बहुधा दोन-अडीचशे वॅटच्या आसपासचा असतो, आणि त्याचा आकार वेगळा असल्याने बाजारातील नेहमीचा सप्लाय तेथे बसत नाही. आपल्या पत्रात वॅटचा उल्लेख नाही. कॅबिनेट उघडून सप्लायच्या पत्र्यावर चिकटवलेले लेबल वाचावे आणि त्यात १२ व्होल्टच्या रांगेपुढे किती अँपिअर लिहिले आहेत तेही टिपून घ्यावे.

कन्व्हर्टरचा सल्ला कृपया मानू नये. हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या साटा जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे सगळ्या मिळून ५४ वॅट. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनी जोडणी १५० वॅटपर्यंत वीज मागू शकते. गेम रंगात आला की हा सगळा भार त्या बारीक पिनांवर पडतो आणि प्लॅस्टिक वितळू शकते. दुकानदार हे सुचवतो याचेच आम्हाला नवल वाटते.

आपल्या यंत्राला शोभेल असे कार्ड म्हणजे आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार. तो ७० वॅटमध्ये भागवतो, आणि कार्ड ज्या खाचेत बसते त्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळू शकत असल्याने त्याला सहसा वेगळी वायर लागत नाही. काही कार्यालयीन यंत्रांचा स्लॉट तेवढी वीज देत नाही, म्हणून आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत ही मर्यादा आधी पाहावी. याच नावाचे ८ जीबीचे कार्डही मिळते. ते १३० वॅटपर्यंत वीज घेते, त्याला स्वतंत्र जोडणी लागते आणि ते आपल्या कामाचे नाही. दुकानात ‘६ जीबी, कमी उंचीचे, अर्ध्या पट्टीसह’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर घरी आणलेल्या कार्डाची मागची धातूची पट्टी कॅबिनेटच्या फटीपेक्षा उंच निघते.

त्याही आधी एक स्वस्तातला उपाय करून पाहावा. सध्या चित्र उभे करण्याचे काम प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स करते आणि त्यासाठी ते मुख्य रॅमच वापरते. एकच पट्टी असल्यास रॅमकडे जाणारी वाट एकेरी राहते. त्याच प्रकारची दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली की ती दुपदरी होते. गेमचे सेटिंग खाली ठेवल्यास एवढ्यानेही फरक दिसेल, आणि पुढे कार्ड घेतले तरी हा खर्च वाया जाणार नाही.

प्रश्न : नवे कार्ड बसवले, ड्रायव्हरही घातला, तरी गेम पूर्वीसारखाच अडखळतो.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्या जोडणीतच असेल, तर ती काढून कार्डाच्या मागील जोडणीत लावावी, निम्म्या तक्रारी येथेच मिटतात. तसे नसल्यास गेमचे रिझोल्यूशन बरेच कमी करून पाहावे. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत, तर कार्ड रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहत आहे असे समजावे, आणि अशा वेळी आणखी महाग कार्ड घेऊन काहीही साधणार नाही.

प्रश्न : आमचे घर समुद्राजवळ आहे. कार्डाला गंज चढेल का?
– एक वाचक, हरमल

उत्तर : खाऱ्या, दमट हवेत पट्टीच्या स्क्रूंवर आणि उघड्या धातूवर तांबूस डाग पडतात. यंत्र खिडकीपासून दूर ठेवावे आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. रोज थोडा वेळ चालवल्यास आतल्या उष्णतेने ओल सुकते. पंख्यांवर बसलेली धूळ मात्र यंत्र बंद करून, प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशनेच झाडावी. ओल्या फडक्याने मुळीच पुसू नये.